साडूंपेक्षा वरचा प्रोसेसर

थोरल्या साडूंनी नवा प्रोसेसर घेतला ही बातमी नकाशेवाल्यांना जेवताना कळली आणि हातातला घास हातातच राहिला. बातमी बायकोनं दिली, आणि तीही इतक्या सहज, की साडूंनी जणू नवी छत्री घेतली होती.

"ताईचा फोन होता. भाऊजींनी म्हणे सगळ्यात वरचा प्रोसेसर घेतला."

"सगळ्यात वरचा म्हणजे?"

"मला काय माहीत? वरचा म्हणजे वरचा. ताई म्हणत होती, बटण दाबायच्या आत सुरू होतो."

"बटण दाबायच्या आत जगात काहीही सुरू होत नाही," नकाशेवाले म्हणाले आणि त्यांनी घास गिळला. तो घशाखाली उतरला, पण पुढं कुठंतरी अडकला तो अडकलाच. नंतर बराच वेळ ते पोट चोळत गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. बायकोला वाटलं अपचन झालं. एका अर्थी तिचं बरोबरच होतं.

इमारतीत त्यांना सगळे नकाशेवाले म्हणत, कारण त्यांचा धंदाच तो होता. लोकांची घरं बांधून व्हायच्या आधी ती कशी दिसतील याची चित्रं ते घरबसल्या कॉम्प्युटरवर काढून देत. आधी नुसत्या रेघा काढायच्या, मग भिंतींना रंग, खिडकीतून ऊन, टेबलावर फुलदाणी असं सगळं सांगून ठेवायचं आणि कॉम्प्युटरला सोडून द्यायचं. तो त्या रेघांचं फोटोसारखं चित्र तयार करतो. याला रेंडर म्हणतात, आणि या कामाचा सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर असतो. नकाशेवाल्यांचा प्रोसेसर म्हातारा झाला होता. एका स्वयंपाकघराला त्याला अख्खी रात्र लागायची. सकाळी तोंड धुवायच्या आधी नकाशेवाले पडदा बघायला धावत आणि निम्म्या वेळा एखादी खुर्ची हवेत तरंगत असे. मग पुन्हा रात्रीची वाट बघायची. पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. "चांगल्या कामाला वेळ लागतो," असं ते गिऱ्हाइकाला डोळे मिटून सांगत, आणि डोळे मिटलेले बघून गिऱ्हाईकही गप्प बसे.

थोरले साडू मात्र विमा कंपनीत अधिकारी. कॉम्प्युटरवर त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना छापणं. अशा माणसाला सगळ्यात वरचा प्रोसेसर कशाला लागतो, हा प्रश्न कुणालाही पडला असता. नकाशेवाल्यांना तो दिवसातून अनेकदा पडू लागला.

परक्या माणसाचा आपल्याला फारसा हेवा वाटत नाही. कुणा बड्या माणसानं विमान घेतलं तर आपण चहा पिता पिता ते वाचतो आणि पान उलटतो. शेजाऱ्याचा वाटतो, पण शेजारी बदलता येतो. साडूचं तसं नाही. एकाच सासऱ्याच्या तराजूत एका पारड्यात तुम्ही बसलेले आणि दुसऱ्यात तो. तो जरा जड झाला की तुम्ही काही न करता हवेत लटकता. नकाशेवाले गेली कित्येक वर्षं त्या पारड्यात पाय घट्ट रोवून बसले होते आणि त्यांचं सगळं वजन एकाच गोष्टीचं होतं. एकटे राहणाऱ्या सासऱ्यांना शहराबाहेरच्या आपल्या जागेवर घर बांधायचं होतं, आणि त्या घराची चित्रं नकाशेवाले काढत होते. घर अजून बांधायला घेतलं नव्हतं. ते भिजत घोंगडं होतं. पण चार नातेवाइकांत सासरे म्हणत, "घराचं सगळं आमचे धाकटे जावई बघतात," तेव्हा नकाशेवाले खाली मान घालून बसत आणि त्या वाक्याचा शब्द न् शब्द कानात साठवून ठेवत. साडूंबद्दल सासरे फार तर म्हणत, "थोरल्यांनी माझा विमा उतरवला." त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे?

पण पुढच्याच आठवड्यात साडूंनी सगळ्यांना चहाला बोलावलं. कॉम्प्युटर हॉलमध्ये मधोमध मांडलेला होता. त्याला काचेचा दरवाजा होता आणि आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. साडूंनी नव्यानंच घरं काढायचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं होतं. त्यात त्यांनी सासऱ्यांच्या घराचा दर्शनी भाग ठोकून दिला. जिना चुकला होता, दाराच्या वर दार आलं होतं, छपराचा उतार पाहिला तर पाणी सरळ दिवाणखान्यात आलं असतं. नकाशेवाल्यांना हे सगळं एका नजरेत दिसलं आणि बरंही वाटलं. तेवढ्यात साडूंनी बटण दाबलं, आणि सगळ्यांच्या हातातला चहा निवायच्या आत चित्र तयार.

सासरे खुर्चीतून उठले. पडद्यापर्यंत गेले. म्हणाले, "आणि ही भिंत पिवळी केली तर?"

साडूंनी भिंत पिवळी केली.

"आता पांढरी."

साडूंनी पांढरी केली. सासऱ्यांच्या तोंडावर असा आनंद नकाशेवाल्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मग सासरे वळले आणि अत्यंत प्रेमानं म्हणाले, "जावईबापू, आता घराचं काम थोरल्यांकडेच राहू दे. तुम्हाला उगाच रात्ररात्र त्रास. त्यांचं मशीन जोरात आहे."

"हो, हो," नकाशेवाले म्हणाले, "माझ्याकडं तशीही फार कामं आहेत." त्यांच्याकडं त्या आठवड्यात एका न्हाणीघराचं काम होतं.

घरी परतताना ते रस्त्यात एकदाच बोलले. "दाराच्या वर दार होतं."

"पण रंग किती छान आले होते!" बायको म्हणाली.

झालं. नकाशेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घराची प्रत्येक वीट त्यांच्या डोक्यातून गेली होती, सासऱ्यांच्या गुडघ्यांना सोसतील अशा पायऱ्या त्यांनी मोजून मापून काढल्या होत्या, आणि ते काम एका विमा अधिकाऱ्याच्या दिव्यांनी पळवलं. प्रोसेसर घ्यायचा. साडूंपेक्षा वरचा. आणि घर परत आणायचं.

आता असा विचार माणसानं मनात ठेवावा. नकाशेवाल्यांनी तो जिन्यात बोलून दाखवला, तोही तळमजल्यावरच्या प्राध्यापकांना. प्राध्यापक निवृत्त होते, अर्थशास्त्राचे होते आणि त्यांना ऐकणारा माणूस बरेच दिवस मिळाला नव्हता.

"मूळ प्रश्न असा आहे," प्राध्यापक कठड्याला टेकून म्हणाले, "की एवढा खर्च सार्थ आहे का? तुमचं काम रात्री होतं. रात्री तुम्ही झोपता. म्हणजे तुमचा वेळ जातच नाही. जो वेळ जात नाही तो वाचवणार कसा?"

नकाशेवाल्यांनी खूप विचार केला. "साडूंनी घेतलाय," ते शेवटी म्हणाले.

"हां, मग प्रश्नच मिटला," प्राध्यापक म्हणाले.

साडूंना फोन करून सल्ला विचारायचा नाही असं नकाशेवाल्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण साडूंनीच फोन केला. बायकोनं ताईला सांगितलं असणार, ताईनं साडूंना. आणि आश्चर्य म्हणजे साडू भलतेच खूश झाले होते.

"साडूभाऊ, घ्याच! अहो, तुमचा तर धंदा आहे. आणि ऐका, माझ्यासारखा घेऊ नका. आता त्याच्याही वरचा आलाय. तो घ्या."

नकाशेवाल्यांना वाटलं, काय हा दिखाऊपणा! स्वतःपेक्षा वरचा घ्यायला सांगून मोठेपणा मिरवतोय. त्यांना साडूंचा आणखीच राग आला आणि रागाच्या भरात ते वरचाच प्रोसेसर घेऊन आले. डबी एवढीशी होती. बायकोनं ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "बाकीचा कुठाय?"

हा प्रश्न पुढं फार खरा ठरला. नाल सापडली म्हणून घोडा घेतला, ही म्हण नकाशेवाल्यांनी शाळेत शंभरदा लिहिली असेल, पण ती आपल्यावर बेतेल असं त्यांना वाटलं नव्हतं. नवा प्रोसेसर, सगळे भाग ज्यावर बसतात त्या जुन्या मदरबोर्डावर बसेना. दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवून जुना बोर्ड पाहिला आणि "घाबरण्यासारखं काही नाही" असं डॉक्टरी आवाजात सांगितलं, तेव्हाच नकाशेवाले घाबरले. नवा बोर्ड घेतला. त्यावर जुनी रॅम चालेना. नवी रॅम घेतली. मग दुकानदारानं हळूच विचारलं, "पॉवर सप्लाय कुठला आहे तुमचा?" तो फार जुना होता. हा प्रोसेसर तापतो, म्हणून त्याला थंड ठेवायला कूलर घ्यावा लागला. कूलर नुसता आत धरून पाहिला तर कॅबिनेटचं दार लागेना, म्हणून कॅबिनेट नवं. नवं कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात जाईना, म्हणून टेबलाचा एक पाय कापावा लागला आणि तेव्हापासून टेबल असं डुलू लागलं की चहाचा कप ठेवताना आधी त्याची समजूत काढावी लागे. जुन्या कॉम्प्युटरमधला शेवटी एक माऊस तेवढा उरला, आणि तोही नव्या कॅबिनेटशेजारी ओशाळलेला दिसत होता.

"बसवून देऊ का?" दुकानदारानं विचारलं.

"मी स्वतः बसवणार," नकाशेवाले म्हणाले. साडूंनी स्वतः बसवला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण त्या खोलीतली वायरिंग जुनी होती आणि तिथं जाड वायर ओढायची तर इमारतीच्या सेक्रेटरींची परवानगी लागे. सेक्रेटरी हे कुठल्याशा कार्यालयात अधीक्षक होते. कार्यालयानं त्यांना निवृत्त केलं, त्यांनी कार्यालयाला केलं नाही. दारामागं खुर्ची-टेबल टाकून ते रोज सकाळी आपल्याच घरात हजर होत.

"यंत्राचा प्रकार?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

"तो प्रकार आपल्या नियमांत नाही. पाणी खेचणारं, हवा खेचणारं आणि इतर, असे तीनच आहेत."

"मग इतर."

"इतर असेल तर ते इतर का आहे याचा खुलासा करावा लागतो. त्यातून धूर येतो?"

"नाही."

"पाणी?"

"नाही हो."

"मग येतं काय त्यातून?"

"चित्र," नकाशेवाले म्हणाले.

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे घरात धंदा चालतो." तिथून पुढं जे सुरू झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. कित्येक खेपांनंतर नकाशेवाल्यांना परवानगी मिळाली, ती अशी, की लिफ्ट चालू असताना यंत्र चालवू नये. जाड वायर आली. मग लिफ्ट वर-खाली गेली की नकाशेवाले सराव म्हणून दाराला कान लावून उभे राहू लागले. एवढं करूनही इमारतीत काही बिघडलं की बोट त्यांच्याचकडे. टीव्ही फरफरला, नकाशेवाले. पाणी कमी आलं, नकाशेवाले. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचा मिक्सर जळाला तेव्हा त्या स्वतः खाली येऊन म्हणाल्या, "तुमचा तो राक्षस सुरू केला होता का?" राक्षस अजून खोक्यात होता.

सगळे भाग घरी आले आणि नकाशेवाले एका सुट्टीच्या दिवशी सकाळी जोडायला बसले. इथं त्यांच्या घरातली एक रीत सांगायला हवी. या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नसत. फ्रिजच्या दारावरची पातळ फिल्म कडेनं पिवळी पडली होती, पण ती जागची हलली नव्हती. टीव्हीच्या रिमोटला आलेली पिशवी अजून होती, मिक्सरच्या बटणांवर कागद होता. खुर्च्यांच्या पाठी इतक्या करकरत की पाहुण्याला हलायची लाज वाटे. प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी झाली, हे नकाशेवाल्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं आणि बायकोला ते शिकवावं लागलं नव्हतं, कारण ती माहेरूनच शिकून आली होती. कूलरचा जो सपाट भाग प्रोसेसरवर टेकतो त्याला एक पारदर्शक फिल्म होती. तिच्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. चष्मा आतल्या खोलीत होता.

"किती चकचकीत आहे!" बायको म्हणाली.

"राहू दे फिल्म. ओरखडे नाही पडणार," नकाशेवाले म्हणाले, आणि त्यांनी कूलर दाबून बसवला.

मशीन सुरू झालं. दिवे लागले. साडूंचे निळे-जांभळे होते, यांचे लाल-हिरवे. नकाशेवाल्यांनी तिथल्या तिथं सासऱ्यांना फोन लावला. चालवून बघायलासुद्धा थांबले नाहीत. म्हणाले, "बाबा, पुढच्या रविवारी सगळे या. घराचं नवं चित्र दाखवतो. साडूंनाही घेऊन या. त्यांना तर घेऊन याच."

आणि मग त्यांनी पहिलं रेंडर लावून पाहिलं. थोड्या वेळानं आतून पंख्याचा असा आवाज येऊ लागला की बायको गॅस बंद करून बाहेर आली. चित्राची पट्टी सरकता सरकेना. दुपार झाली, संध्याकाळ झाली. जुन्या म्हाताऱ्यानं एवढ्या वेळात निदान ओटा तरी काढून ठेवला असता. नव्यानं एका खिडकीचा एक कोपरा काढला होता. आठवडाभर नकाशेवाल्यांनी नाही नाही ते केलं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, खोलीत बर्फाचं भांडं ठेवलं. प्राध्यापकांनी सुचवलं की मशीन उत्तरेकडं तोंड करून ठेवा, आणि नकाशेवाल्यांनी तेही केलं, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. साडूंना विचारणं मात्र शक्य नव्हतं. त्यापेक्षा त्यांनी जन्मभर हातानं नकाशे काढले असते.

रविवार उजाडला. सासरे आले, ताई आली, साडू आले. करकरणाऱ्या खुर्च्यांवर सगळे बसले. नकाशेवाल्यांनी देवावर भरोसा ठेवून बटण दाबलं. पंखा ओरडू लागला. सगळे पडद्याकडं बघत राहिले. पडदा सगळ्यांकडं बघत राहिला. ताईनं हवापाण्याचा विषय काढला, तो संपला. बायकोनं शेजाऱ्यांचा काढला, तोही संपला. घराचा पाया तेवढा अंधुक दिसू लागला होता. शेवटी सासऱ्यांनी घसा साफ केला आणि अगदी हळुवार आवाजात विचारलं, "जावईबापू, तुमचं जुनं मशीन काय वाईट होतं?"

चिडले असते तर परवडलं असतं. त्या हळुवारपणानं नकाशेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बायको पटकन उठली आणि "चला, चहा आत घेऊ या," म्हणत सगळ्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. साडू मागं राहिले. त्यांनी दार लोटलं, मशीन बंद केलं, काचेचा दरवाजा उघडला आणि कूलरचे स्क्रू सोडवायला बसले.

"राहू द्या हो," नकाशेवाले म्हणाले.

"बघतो फक्त."

कूलर वर आला. साडूंनी तो उलटा केला. फिल्म दोन बोटांत धरून अलगद सोलली. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की बसवण्यापूर्वी ही काढावी. साडूंनी ते वाचलं, फिल्मची घडी केली आणि खिशात टाकली. हसले नाहीत. हसले असते तर नकाशेवाल्यांना भांडता तरी आलं असतं.

"असं होतं," साडू म्हणाले. "फिल्म मधे राहिली की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर तापून रांगायला लागतो. कुणाला बोलायचं नाही. एक वायर सैल होती म्हणून सांगू."

आणि बाहेर जाऊन त्यांनी खरंच तसं सांगितलं. ज्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून आपण सगळा उपद्व्याप केला त्यानंच आपली अब्रू वाचवावी, यापरतं दुसरं दुःख नाही. नकाशेवाल्यांना साडूंच्या चांगुलपणाचासुद्धा हेवा वाटला. आपल्याला तो सुचला नसता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

सगळे पुन्हा खुर्च्यांवर बसले. बटण दाबलं. पंख्यानं नुसता सुस्कारा टाकला आणि बघता बघता पडद्यावर सासऱ्यांचं घर उभं राहिलं. जिना जागच्या जागी, दाराच्या वर भिंत, छपराचं पाणी बाहेरच्या बाजूला आणि व्हरांड्यात तिरपं ऊन. साडूंच्या मशीनला लागला होता त्याच्या निम्मा वेळसुद्धा लागला नाही. सासरे उठून पडद्यापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "थोरले, तुम्ही रागावू नका. पण घराचं काम आता पुन्हा यांच्याकडेच राहू दे."

नकाशेवाल्यांनी साडूंकडं पाहिलं. या एका क्षणासाठी त्यांनी सगळं सोसलं होतं. साडूंचा चेहरा पडलेला बघायचा होता, निदान थोडा उतरलेला. पण साडूंचा चेहरा सुंठीवाचून खोकला गेलेल्या माणसासारखा दिसत होता.

"छे छे, रागवायचं काय त्यात!" साडू म्हणाले. "ज्याचं काम त्यानं करावं."

याचा अर्थ नकाशेवाल्यांना सोमवारी कळू लागला. सकाळी दाराची बेल वाजली आणि सासरे हजर. "म्हटलं, स्वयंपाकघराची खिडकी जरा उजवीकडं घेऊन बघू." घेतली. "आता डावीकडं." घेतली. "मघाशी होती तिथं कशी दिसत होती?" पूर्वी एका बदलाला एक रात्र लागायची, तेव्हा सासरे आठवडाभर विचार करून एकच बदल सांगायचे. आता विचार करायची गरजच उरली नव्हती. मंगळवारी जिना फिरवला, बुधवारी तो परत फिरवला. दिवाणखाना सगळे रंग लावून झाला, मग त्या रंगांच्या फिक्या छटा सुरू झाल्या. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही कळलं की नकाशेवाल्यांकडं आता लगेच होतं. तेही समोर येऊन बसू लागले. चांगल्या कामाला वेळ लागतो, असं म्हणायची सोय राहिली नाही. नकाशेवाले रात्रभर झोपत असत ते दिवस गेले.

तिकडं साडू पोहायला जाऊ लागले. ते आणि ताई दर शनिवारी कुठं कुठं फिरायला जात आणि फोटो पाठवत. फोटोत मागं डोंगर असे, पुढं साडू असत आणि त्यांच्या हातात काही नसे.

"भाऊजी बघा कसे टवटवीत दिसतात," बायको म्हणाली.

नकाशेवाल्यांनी बघितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी साडूंना फोन लावला आणि सरळ विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"साडूभाऊ, खरं सांगू? मी ते मशीन हौसेनं घेतलं आणि बाबा रोज सकाळी माझ्याकडं येऊ लागले. ऑफिसात झोप यायची हो मला. एक रात्र लागते म्हणून सांगता येणारं तुमचं ते मशीन आठवलं की असा जळफळाट व्हायचा! मला वाटायचं, हा माणूस किती सुखी आहे."

"मग तुम्ही त्या दिवशी फिल्म काढलीत ती..."

"ती माझ्यासाठीच काढली," साडू म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी सगळे पुन्हा नकाशेवाल्यांकडं जमले. बाहेरच्या खोलीत साडू काहीतरी सांगत होते आणि ताई, बायको हसून हसून बेजार झाल्या होत्या. आतल्या खोलीत डुलत्या टेबलाशी नकाशेवाले आणि त्यांच्या शेजारी सासरे. खिडकी उजवीकडून डावीकडं गेली होती. बाहेर पुन्हा हशा झाला. नकाशेवाल्यांना त्या हसण्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं. अगदी आदबीनं, हसत हसत म्हणायचं, की बाबा, आता एकदाचं ठरवून टाका ना, म्हणजे बांधायला घेता येईल. त्यांनी माऊस सोडला आणि सासऱ्यांकडं वळले.

पण सासरेच आधी बोलले. पडद्यावरची नजर न काढता, अगदी हलक्या आवाजात.

"थोरले चांगले आहेत हो. पण एके दिवशी मला म्हणाले, बाबा, आता ठरवून टाका. मी काय ठरवणार? घर बांधून झालं की त्यात एकट्यानं जाऊन बसायचं. इथं निदान सकाळी उठलं की कुठं जायचं ते माहीत असतं." त्यांनी पडद्यावरच्या खिडकीला बोट लावलं. "तुम्ही तसं नाही म्हणालात कधी."

नकाशेवाल्यांचं तोंड उघडलेलं होतं. ते त्यांनी मिटलं. बाहेर साडू नवी गोष्ट सांगायला लागले होते. नकाशेवाल्यांनी त्या दिशेला एकदा पाहिलं, खुर्ची पुढं ओढली आणि माऊस हातात घेतला.

"खिडकी कुठं घेऊ, बाबा?"